बाबांच्या नंबरवरून

एकही फोन न करता मी बातमी सगळ्यांना कळवणार होते! नवं तंत्रज्ञान आलं की कंपन्यांनी काय करावं, हे बाबांनी नांदेडच्या कॉलेजात जन्मभर शिकवलं. त्यांच्या लेकीनं काय प्रत्येकाला 'कसं झालं, कधी झालं' सांगत बसायचं? छे! मला ते बोलायचंच नव्हतं. बाबांचा मोबाइल उघडला आणि एका झटक्यात सगळ्यांना निरोप धाडला: 'बाबा गेले. रविवारी सकाळी घरी शोकसभा.'

लगेच लातूरच्या शरणप्पांचा फोन. यांच्या डाळमिलवर बाबांनी आपल्या पुस्तकात अख्खं प्रकरण लिहिलंय.

"सरांना द्या जरा."

"काका, मी मंजुश्री. निरोप मिळाला ना?"

"मिळाला की! लई वाईट झालं. काय वय होतं?"

"एक्काहत्तर."

पलीकडून दबकत प्रश्न आला, "एक्काहत्तर? मग सर किती वर्षांचे?"

तेव्हा उजेड पडला. निरोप बाबांच्या नंबरवरून गेला होता! म्हणजे जगाच्या लेखी बाबांचे बाबा गेले होते, जे माझ्या जन्माआधीच गेलेत. रेंज गेल्यासारखं करून फोन ठेवला.

मोबाइल तर लाह्यांसारखा तडतडत होता. 'सर, खचू नका.' 'सर, शतक थोडक्यात हुकलं!' मी घाईघाईनं दुरुस्ती पाठवली: 'माझे बाबा गेले.' ती अर्थात त्याच नंबरवरून! पुन्हा पाठवलं, 'सर गेले.' उत्तर आलं, 'कुठं? लातूरला येत असाल तर जेवायलाच या.'

रविवारी शरणप्पा जीपभर मिलवाले घेऊन हजर. दारातूनच हाक, "सर! ओ सर! कुठं हायत सर?"

आता रेंज जायला जागा नव्हती.

"काका, आपले सरच गेले."

ते चपला न काढताच पायरीवर बसले. मग माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघत म्हणाले, "सर सांगायचे, नवं मशीन आधी शेजाऱ्याला घेऊ द्या. त्याचं काय होतंय बघा, मगच हात लावा. घरात न्हाई सांगितलं व्हय कधी?"

तेव्हापासून एकेकाला फोन करतेय. आधी माझं नाव सांगते, मग बाबांचं. सध्या 'ड' वर अडकलेय. बाबांनी सगळे मिलवाले 'डाळमिल' याच नावानं साठवलेत!