मास्तरांचा उजवा पाय

नाशिक शहर, पंचवटी आणि पार पिंपळगाव बसवंतपर्यंतच्या तमाम नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमचे शेजारी आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मालक श्री. तिडके मास्तर यांनी न्यूझीलंड देशातल्या, गाड्या भाड्याने देणाऱ्या नऊ कंपन्या एका महिन्यात नापास केल्या आहेत. फेरतपासणी होणार नाही. कंपन्यांनी कृपया रडू नये.

ज्यांना मास्तर ठाऊक नाहीत, त्यांनी आधी त्यांचा उजवा पाय पाहावा. शिकवणीच्या गाडीत डाव्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा भांबावला की शेजारी बसलेल्या गुरुजींनी तो दाबायचा. मास्तरांनी तो तीस वर्षं दाबला, आणि आता त्या पायाला दुसरं काही सुचतच नाही. रिक्षात बसले की ते ब्रेक दाबतात. सिन्नरच्या एस.टी.त मागच्या बाकावर बसून दाबतात. टीव्हीवर नायकाची जीप कड्याकडे निघाली की घरातल्या फरशीवर दाबतात. माझ्या भाच्याच्या लग्नात अंतरपाट दूर व्हायच्या आधीच नवरदेवाने हार पुढे केला, तेव्हा दुसऱ्या रांगेतून मास्तरांनी असा पाय रोवला की पुढच्या खुर्चीवरचे आजोबा दचकून उभे राहिले. त्यांची उजवी चप्पल डावीच्या दुप्पट वेगाने झिजते. चांभार त्यांना लांबून पाहूनच म्हणतो, "उजवी ना?"

मीही त्यांचाच शिष्य. ब्याण्णव साली त्यांच्या निळ्या फियाटमध्ये बसून मी पंचवटीतल्या भाजीवाल्यांचे प्राण कंठाशी आणले होते. "देवरे, गाडी हाय ती, बैल नाय! हाकू नका, चालवा!" हे मास्तरांचं अध्यापन. शाबासकी हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. पण एक दिवस असा यायचा, की तुम्ही रविवार कारंजाच्या गर्दीतून कुणालाही न शिवता गाडी बाहेर काढायचात. मग मास्तर शांतपणे चपला काढत, दोन्ही पाय वर घेत, सीटवर चक्क मांडी घालत आणि जाहीर करत, "पाय काढला!"

बस. त्यानंतर आरटीओची परीक्षा म्हणजे केवळ उपचार. हे दोन शब्द मला एकविसाव्या दिवशी मिळाले. मी अजून लोकांना सांगतो, आणि बायको अजून आत निघून जाते. अर्ध्या नाशकाने ते ऐकले आहेत. त्यात दोन सर्जन आहेत, एक न्यायाधीशबाई आहेत आणि एक कीर्तनकारही.

ऐकले नाहीत ते फक्त मास्तरांच्या मुलीने, स्मिताने.

अठराव्या वर्षी ती वडिलांकडे शिकायला बसली. अकराव्या दिवशी गंगापूर रोडवर भर रस्त्यात तिने गाडी थांबवली, किल्ली मास्तरांच्या हातात दिली आणि म्हणाली, "अप्पा, गाडी तुम्हीच चालवताय. मी नुसतं स्टेअरिंग धरून बसलेय." आणि रिक्षाने घरी गेली. पुढे नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिथे कुठल्याशा दुसऱ्याच शाळेत महिन्याभरात शिकली. मास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस फियाट बाहेर काढली नाही. "इंजिन गरम होतंय," म्हणाले. जानेवारी महिना होता.

मग लग्न होऊन स्मिता न्यूझीलंडला गेली. दोन-तीन वर्षांनी तिने आईवडिलांना बोलावलं. तिचं घर तिथल्या उत्तर बेटावर, आणि डोंगर-तलाव सगळे दक्षिण बेटावर. तेव्हा विमानाने तिथे जायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि आठ दिवस फिरायचं. जावयाला रजा नव्हती, म्हणजे गाडी स्मिता चालवणार. "अप्पा," ती फोनवर म्हणाली, "गाडीची कंपनी तुम्ही निवडा. तुम्ही पास केलेल्या गाडीतच बसाल ना?"

मास्तर फुलले. दुसऱ्या दिवशी पंचवटीत ज्याला माहीत नव्हतं, त्यालाही कळलं. "परदेशातली गाडी तपासायला तिकडं माणूस नाय राहिला. आपल्याला सांगितलंय!" आमच्या ऑफिसात नुकतंच इंटरनेट आलेलं असल्यामुळे मी त्यांचा परराष्ट्र सचिव झालो.

मास्तर सांगत, मी इंग्रजीत ई-मेल करत असे. प्रश्न एकूण चौदा. गाडी कधी वरातीत चालवली आहे काय? (वरातीत गाडी मुंगीसारखी चालते आणि क्लचप्लेट जळते, हे मास्तरांचं संशोधन.) स्टेपनीत हवा आहे की नुसती शोभेला? मालक स्वतः गाडी चालवतो की गल्ल्यावर बसतो? एका कंपनीने कळवलं की वरात म्हणजे काय ते समजलं नाही, पण गाडीत लहान मुलाची सीट फुकट देऊ. नापास! दुसरीने चकचकीत गाडीचे सहा फोटो पाठवले. "धुतलेली गाडी काय बघायची? चाकं बघू द्या म्हणावं." नापास! तिसरीने उत्तर दिलं नाही. ती तर गैरहजर.

माझ्या मात्र एक गोष्ट लक्षात येऊ लागली. उत्तर आलं की मास्तर तेरा प्रश्नांवरून घाईने बोट फिरवत आणि चौदाव्याशी थांबत. तो प्रश्न असा होता: डाव्या सीटपुढे जादा ब्रेक बसवून मिळेल काय? त्यावर कुणी विचारी, "चालक शिकाऊ आहे का?" कुणी नियम पाठवी. एकाने तर कळवलं, "आमच्याकडे प्रवाशाला ब्रेक देण्याची पद्धत नाही."

रविवारी स्मिताचा फोन आला. मी तिथेच बसलो होतो. "अप्पा, हंगाम आहे, गाड्या संपत आल्यात. उद्यापर्यंत सांगा. नाहीतर फिरणं राहू दे, घरीच बसू."

मास्तरांनी फोन ठेवला. त्यांच्या पत्नी विमलकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "नऊ नापास केल्या. दहावी काय आकाशातनं येणार का? आधीच सांगा, मला न्यायचं नाही म्हणून!"

मास्तर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "देवरे, लोकांची पोरं शिकवली, तेव्हा ब्रेक माझ्याकडं होता. मला लय धीर होता. आता पोरगी माझी, आणि ब्रेक तिच्याकडं." त्यांचा पाय फरशीवर दाबलेलाच होता. "तिच्या वेळी पाय निघालाच नाय हो. ती वाईट चालवत नव्हती. चांगली चालवत होती. तरी निघाला नाय."

सोमवारी ऑफिसात गेलो, तर एका छोट्या, घरगुती कंपनीचं उत्तर आलेलं. लिहिणारी बाई मालकीण होती. तिने चौदाही प्रश्नांची ओळीने उत्तरं दिली होती. गाडी वरातीत गेलेली नव्हती. स्टेपनीत हवा तिने स्वतः भरली होती. आणि शेवटी: "डाव्या बाजूला ब्रेक नाही. माझी मुलगी गाडी चालवते तेव्हा मलाही तो हवा असतो. तिथली रबरी चटई मात्र चांगली जाड आहे."

मास्तरांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग खिशातलं पेन काढलं आणि छापील कागदावर ठसठशीत लिहिलं, "पास". म्हणाले, "ही बाई गाडीत बसलेली हाय."

महिन्याभराने दोघं परत आली. मास्तर चिवड्याच्या बशा मांडत होते, आणि काकू सगळ्या गल्लीला प्रवास ऐकवत होत्या. पहिले दोन दिवस म्हणे मास्तरांनी ती चटई दाबून दाबून तिची सुरळी केली. स्मिता ओठ घट्ट मिटून चालवत होती. तिसऱ्या दिवशी डोंगरातला रस्ता लागला. एका बाजूला दरी, पुढे नदी, आणि नदीवर एकाच गाडीपुरता अरुंद पूल. समोरून भलामोठा ट्रक पुलावर चढलेला.

"मी तर डोळेच मिटले," काकू म्हणाल्या. "उघडले तर गाडी पुलाच्या अलीकडे, कडेला, अलगद उभी. पोरीने ट्रकला वाट दिली. ट्रकवाल्याने हात केला, तिनेही केला. मग पूल ओलांडला, पुढची सगळी वळणं घेतली. आणि हे आपले पुढे गप्प. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय! वाकून बघते, तर हे वाकून बुटाच्या नाड्या सोडतायत."

मास्तर बशा मांडायचे थांबले. "पुरे आता," म्हणाले. पण काकू आज कुणाच्या ब्रेकने थांबणाऱ्या नव्हत्या.

"बूट काढले. पाय वर घेतले. त्या परदेशी सीटवर, पट्टा बांधलेला, मांडी घातली. आणि असे ओरडले, असे ओरडले, की मागे माझ्या हातातला चिवडा सांडला, आणि पोरीला गाडी कडेला घेऊन डोळे पुसावे लागले."

"काय ओरडले?" गल्लीने एका सुरात विचारलं.

"पोरी, पाय काढला!"