गेनबा वल्द सटवा

दर सोमवारी गेनबा नवरदेवासारखा नटून पोलीस चौकीत जायचा. आदल्या दिवशी ओढ्यावर धोतर सोडा लावून धुवायचं, घडी करून पाट्याखाली दाबून ठेवायचं, सकाळी मिशांना तेल लावायचं आणि शेजारच्या तुळसाकाकूंच्या नवऱ्याचा लग्नातला फेटा मागून आणायचा. चौकीत काही त्याचा सत्कार नसायचा. निजामाच्या सरकारनं गावातल्या बदमाशांची यादी केली होती आणि त्या यादीतल्या माणसांना आठवड्यातून एकदा हजेरी द्यावी लागायची, एवढंच. यादीत आम्ही पाच जण होतो. पहिला गेनबा, पाचवा मी.

आमचं गाव येडशी स्टेशनापासून बैलगाडीनं निम्म्या दिवसाच्या वाटेवर. पुढं पेठ, आडतीची दुकानं, ज्वारी-करडईचा बाजार. आणि त्या सगळ्याच्या पाठीमागं आमची हमालगल्ली. गावात दुसरीकडं जागा न मिळालेली सगळ्या जातींची माणसं तिथं एकमेकांना टेकून राहायची. सुगीत खांद्याला उसंत नसे आणि सुगी सरली की हाताला काम नसे. शाळा होती, पण तिथं आमच्यातलं कुणी कधी गेलं नाही. तालमीत गेलो, तर वस्तादानं हमालांच्या पोरांना हौद्यात पाय ठेवू दिला नाही.

मग गेनबानं गल्लीमागं स्वतः खड्डा खणला, माळावरून तांबडी माती आणली आणि आम्ही पाच जण तिथं कुस्त्या खेळायला लागलो. पेठेतल्या पोरांना ते रुचलं नाही. एका दुपारी ती काठ्या घेऊन आली, आम्हीही घेतल्या, दोन्हीकडची दोन-दोन डोकी फुटली. चौकीत नावं लागली ती फक्त आमची. पेठेतल्या पोरांनी दंड थोपटले की ती तालीम आणि आम्ही थोपटले की टोळी, असा तो हिशेब. मला त्याचा आजही राग येतो. गेनबाला मात्र कधी आला नाही.

"आरं, पेठेतल्यांची नावं हायत का सरकारात?" तो म्हणायचा. "आपली हायत."

चौकीत एक म्हातारे मुन्शी होते. ते रजिस्टर उघडून, त्यावर बोट ठेवून सावकाश वाचायचे, "गेनबा वल्द सटवा." वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, सरकारी कागदात बापाच्या नावाआधी हा शब्द लागायचा. गेनबा छाती काढून "हाजीर" म्हणायचा. कधी मुन्शींच्या तोंडात पान असलं आणि पुढचं नाव पुटपुटल्यासारखं आलं, की हा जागचा हलायचा नाही.

"मुन्शीजी, वल्द बारीक झालं. पुन्यांदा म्हना."

"अरे बाबा, तू हाजीर है ना? बस हुआ."

"म्या हाय. बा न्हाय आला."

मुन्शी उठायचे, दारात जाऊन पान थुंकायचे आणि परत येऊन खणखणीत आवाजात पुन्हा वाचायचे. आम्ही मागं चौघं शरमेनं माना खाली घालून उभे असायचो. मग गेनबा फेटा सावरत बाहेर पडायचा आणि मुद्दाम पेठेतून घरी यायचा.

एकदा त्याला हिवताप भरला. दात वाजत होते, तरी ऐकेना. शेवटी आम्ही त्याला खाटेवर घालून चौकीत नेलं. आजारी बदमाशाला सूट असते, असं शिपाई सांगत होता. "सूट नगं, नाव घ्या," म्हणून हा खाटेवर उठून बसला. आणि एकदा पेठेत चोरी झाली, तेव्हा शिपाई चौकशीला आधी माझ्या दारात आला. गेनबा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. यादीत पहिलं नाव त्याचं, मग पहिली चौकशी त्याची व्हायला नको का, असं त्याचं म्हणणं.

या नावापायी त्याचं लग्नही राहिलं. कळंबकडचे एक पाहुणे मुलगी द्यायला आले होते. जमीन किती, घर कुणाचं, हे विचारून झाल्यावर गेनबानं ऐटीत सांगितलं, "सरकारात नाव हाय आपलं." पाहुणे खूश झाले, त्यांना वाटलं नोकरी आहे. कुठल्या रजिस्टरात, ते तुळसाकाकूंनी चहा देता देता सांगून टाकलं. पाहुण्यांनी कपबशी तशीच खाली ठेवली आणि गाडी जुंपली.

खरं सांगतो, एवढ्या गुणी बदमाशांची टोळी मी पुन्हा पाहिली नाही. पुढं निजामाच्या अखेरच्या, धामधुमीच्या वर्षी माणसं घराबाहेर पडायला भीत होती. तेव्हा आमच्या गल्लीतली एकही बाई ओढ्यावर एकटी गेली नाही. आमच्यातला कुणीतरी काठी घेऊन मागं लांबून चालत असायचा. ही पाळी गेनबानं लावून दिली होती आणि सगळ्यात जास्त पाळ्या त्याच्याच असत.

मग हिंदुस्थानची फौज आली, पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. मुन्शी हैदराबादला मुलाकडं निघून गेले. काही आठवडे चौकी बंदच होती. ती उघडली त्या सोमवारी आम्ही गेलो, तर नवे फौजदार हसले. म्हणाले, "जुनं रजिस्टर बंद झालं. आता कुणी बदमाश नाही. घरी जा."

आम्ही चौघं उड्या मारायच्या बेतात होतो. गेनबा टेबलापुढं तसाच उभा.

"मग माझं नाव?"

"कटलं."

"कुनी काटलं, सायेब?"

फौजदारांना वाटलं हा थट्टा करतोय. त्यांनी हातानंच जायला सांगितलं.

मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. पण पुढच्या सोमवारी आडतीवरून येताना पाहिलं, तर धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून गेनबा चौकीसमोरच्या लिंबाखाली बसलेला. मी चिडलोच. इतकी वर्षं माना खाली घालून काढली, आता सुटका झाली तर हा पुन्हा दारात.

"लाज न्हाय का तुला?" मी म्हटलं.

त्यानं चौकीच्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाला, "बा पोत्याखाली चेंगरून गेला तवा म्या रांगत हुतो. दोन वर्सानं आई गेली. गल्लीत मला समदी गेन्या म्हंत्यात. बाचं नाव कुनाच्या तोंडात न्हाय. ते मुन्शी तेवढं आठवड्याला घ्यायचे." फेट्याचं टोक त्यानं बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आता कोन घेईल?"

आम्ही त्याला इतकी वर्षं हसत होतो. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या सोमवारी सकाळीच मी तिघांना गोळा केलं आणि आमच्या तांबड्या मातीच्या खड्ड्याशी एका ओळीत उभं केलं. गेनबाला हाताला धरून आणलं, पहिल्या जागेवर उभं केलं. रजिस्टर नव्हतं, म्हणून मी नुसताच तळहात पुढं धरला, त्यावर बोट ठेवलं आणि मुन्शींसारखं वाचायला गेलो. पण त्याच्या तोंडाकडं लक्ष गेलं. नाव अर्धवटच आलं.

गेनबा जागचा हलला नाही.

"वल्द बारीक झालं," तो म्हणाला. "पुन्यांदा म्हन."

मी पुन्हा म्हटलं.