अखर्चित साठ्याची ढाल

शक्ती खर्चण्यासाठी नसते, शिल्लक दाखवण्यासाठी असते. हे सनातन सत्य सजीव पेशीला मात्र अजून उमगलेलं नाही. साखर, चरबी ती साठवते खरी. पण हाताशी तयार शक्ती जेमतेम क्षणभर पुरेल एवढीच. मिळाली की उडवली, उडवली की पुन्हा कमावली. अशानं घर चालतं का? (हा प्रश्न पेशीला विचारण्यासाठी समिती नेमली आहे. समिती जेवायला गेली आहे.)

याउलट पेशीशक्ती संशोधन विभाग पाहा. थंड कपाटात पोषक द्रवाच्या बाटल्या दाटीवाटीनं उभ्या, एकीचंही बूच उघडलेलं नाही. 'सर्वाधिक अखर्चित साठा' ही बक्षिसाची ढाल दरवर्षी याच विभागाची.

तिथल्या संशोधक बाईंनी काचेच्या बशीत हृदयाच्या पेशी वाढवल्या होत्या. त्या आपल्या आपण धडधडत. बाई रोज सूक्ष्मदर्शकातून डोकावून "उठलात का गं?" म्हणत. (पगारात याची तरतूद नाही.) त्या दिवशी धडधड मंदावलेली दिसली. बशीतला द्रव निकामी झाला होता. बाई धावत भांडारपालाकडे गेल्या.

"भाऊ, एक बाटली द्या. पोरी मरायला टेकल्यात!"

"आज तपासणी आहे, बाई. बाटली काढली की कपाटात खिंडार दिसणार."

"अहो, द्रव त्यांच्यासाठीच आणलाय ना?"

"म्हणून तर जीव लावून जपलाय."

विभागप्रमुखांनी तोडगा काढला. "पेशींना जरा कळ काढायला सांगा."

बाई ओरडल्या, रडल्या, कपाटाच्या कुलपाला हिसडे दिले. विभागात धड असलेली ती एकच वस्तू, तुटली नाही. भोवती कर्मचारी (संख्या: भरपूर) खाली मान घालून उभे होते. शक्तीची अशी बचत जगात क्वचितच पाहायला मिळते.

दुपारी बशी थांबली.

तपासनीस आले. प्रमुखांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. "बघा साहेब, एकेक पेशी कशी घट्ट आवळून बसलीय! शिस्त म्हणतात ती हीच."

"वा!" तपासनीस म्हणाले आणि ढाल देऊन टाकली.

बाई रिकाम्या डोळ्यांनी बशीकडे बघत होत्या. स्नायूला आकसल्यावर सैल व्हायलाही शक्ती लागते. ती संपली, की तो आकसलेलाच राहतो. मढं ताठतं ते याचमुळे. हे प्रमुखांनाही ठाऊक होतं. त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला आहे.

असो. वाचताना तुम्ही एखाददोनदा हसला असाल. त्यासाठीची शक्ती तुमच्या पेशींनी अर्ज न मागता, तपासणीचं कारण न सांगता, तिथल्या तिथे दिली. संतापायलाही तीच लागते. ती तुम्ही कुठल्या ढालीसाठी राखून ठेवली आहे?