न झालेल्या गाठींचा दाखला

विषय : साळूताई साळिंदर, संशोधक, रोगप्रतिबंध शाखा, यांच्या पदास मुदतवाढ मिळणेबाबत.

संदर्भ : साळूताईंचा अर्ज, त्याचे स्मरणपत्र, आणि त्या स्मरणपत्राचे स्मरणपत्र.

मुलांनो, वरील विषयास अनुसरून गोष्ट सांगतो, ती अशी.

एका जंगलात एक डोंगर होता. डोंगराच्या दोन्ही अंगांना वानरे राहत. पूर्वेकडच्या वानरांना काळ्या सालीचा नाद होता. एका कडवट झाडाची ती साल गालात धरली की डोके हलके होई आणि मोठेमोठे विचार सुचत, असे वानरांचे म्हणणे. कोणते विचार, ते कोणी कधी सांगितले नाही.

पुढे त्याच वानरांच्या गालात गाठ येई. गाठ वाढे, तोंड उघडेनासे होई, आणि वानर वाळून मरे. याला जंगलात 'वरचे बोलावणे' म्हणत. हे बोलावणे पूर्वेच्याच उतारावर का येते, असे कोणाच्या मनात आले नाही.

साळूताईंच्या मनात आले. बाकीची साळिंदरे कंदमुळे उकरत. साळूताई कारणे उकरत. त्या झाडाझाडाखाली बसून विचारू लागल्या, काय चावता? कधीपासून? आई चावायची का? घरात गाठ कोणाला झाली?

एकदा त्यांच्या मावशीने त्यांना गाठले.

"अगं, तू गाठीवर औषध देतेस का?"

"नाही, मावशी."

"मग कापतेस?"

"नाही. ती कशाने होते ते बघते."

"म्हणजे नुसती विचारपूस! ती तर मी रोज करते. मला नाही कोणी संशोधक म्हटलं."

बरीच वर्षे विचारपूस करून साळूताईंनी अहवाल लिहिला आणि दरबारात नेला. त्या दरबारात एक जुनी रीत होती. कामकाज सुरू होण्याआधी प्रत्येकाला मानाची काळी साल मिळे. ती गालात धरल्याशिवाय बोलण्याचा अधिकार नसे. साळूताईंनी साल हातातच धरली. त्यामुळे त्यांचे अर्धे बोलणे नियमबाह्य ठरले.

"साल चावणाऱ्यांनाच गाठ होते," त्या म्हणाल्या. "पश्चिमेला साल नाही, तर गाठही नाही."

वाघमहाराजांनी साल या गालातून त्या गालात सारली. "योगायोग असेल."

दरबाराचे चिटणीस तरसराव हसले. ते कशालाही हसत. "पूर्वेला ऊन आधी पडतं, बाई. गाठ उन्हाने होत असेल. आधी ऊन वगळून दाखवा, मग सालीला नावं ठेवा."

इतर कोणी असते तर घरी गेले असते. साळूताई पुन्हा पूर्वेला गेल्या. तिथे वानरांचे एक कुळ त्यांना सापडले. त्या कुळाच्या देवीला काळी साल चालत नसे, म्हणून त्यांच्यात कोणी ती चावत नसे. डोंगर तोच, ऊन तेच. गाठ मात्र त्या कुळात कोणालाच नव्हती.

साळूताई आनंदाने दरबारात परत आल्या.

"आता तर प्रश्नच मिटला," महाराज म्हणाले. "ही देवीची कृपा!"

देवीचे देऊळ बांधावे, असा ठराव एकमताने झाला. अहवाल आभारपूर्वक दप्तरी दाखल झाला. मात्र बाई ऐकत नाही असे दिसल्यावर महाराजांनी तिला एक पद देऊन टाकले. ते होते एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतचे. साल चावायला लागल्यापासून गाठ यायला अर्धे आयुष्य जाते. म्हणजे रोगापेक्षा पदाचे आयुष्य फारच कमी होते. म्हणून साळूताई दर पावसाळ्यात मुदतवाढीचा अर्ज करत.

आता काम सुरू झाले. साळूताईंनी पूर्वेकडे आधी उपदेश करून पाहिला. वानरांनी तो साल चावत लक्षपूर्वक ऐकला. मग साळूताईंच्या ध्यानात आले, की वानराला गालात काहीतरी लागतेच. त्यांनी आवळे वाळवले आणि घरोघर वाटले. आवळा सुरुवातीला आंबट लागे, नंतर गोड. पोरांना ते आवडले. बघता बघता एक पिढी आवळा चघळत मोठी झाली आणि गाठी येईनाशा झाल्या.

इकडे गाठी कापण्याचे काम सुतारपक्षी करत असे. तो हुशार होता, आणि मनाने सरळ. ज्याची गाठ तो काढे ते वानर हार घेऊन येई. त्याचे झाड हारांनी वाकले होते.

"ताई, तुम्ही माझा धंदा बसवलात," तो एकदा म्हणाला.

"रागावलात?"

"छे! चोच दुखायची राहिली. आणि खरं सांगू? हार घेऊन येतात ते वाचलेले. न वाचलेल्यांचे हार कुठे येतात? पण तुमच्याकडे एकही हार दिसत नाही तो?"

"माझी वानरं आजारीच पडली नाहीत. त्यांना माहीत नाही, की आपण वाचलो."

"मग अवघड आहे," सुतारपक्षी म्हणाला.

अवघड होतेच. त्या वर्षी अर्ज तरसरावांसमोर गेला.

"रोगच नाही, तर प्रतिबंध कशाचा?"

"प्रतिबंध केला म्हणून रोग नाही, साहेब. मी गेले तर आवळे बंद होतील. आवळे गेले की पोरं सालीकडे वळतील."

"हे तुमचं मत झालं. नियमानुसार लाभार्थ्यांचे दाखले जोडा."

"कसले दाखले?"

"'मला गाठ होणार होती, ती या बाईंमुळे झाली नाही,' असं प्रत्येकाने लिहून द्यायचं. सहीनिशी."

साळूताई पूर्वेला गेल्या. तिथल्या वानरांचे म्होरके होते बापू. तरुणपणी ते सालीचे नामांकित चावणारे होते. साळूताईंनी मागे लागून त्यांची साल सोडवली होती.

"बापू, एवढा दाखला द्या."

बापूंनी तो वाचला आणि शेपटी आपटली. "तुझ्या तोंडात माती पडो! मला गाठ होणार होती? ही छाती बघ. आमचे आजोबा मरेपर्यंत साल चावत होते. त्यांना काही झालं नाही."

"ते गेले कशाने?"

"तोंड उघडेना. पण ते वरचं बोलावणं होतं."

बापूंची बायको फांदीवरून खाली आली. "ताई, तुम्ही आमच्या घरच्या. पण धाकटीचं लग्न जमतंय. बापाला गाठ होणार होती असं कागदावर आलं, तर कोण करील सोयरीक? आवळे घ्या हवे तर. आमच्याकडे खूप आहेत."

साळूताई रिकाम्या हाताने परतल्या. तरसरावांनी त्यांना बाजूला घेतले. आवाज अगदी मायेचा काढला.

"बाई, तुम्ही हुशार आहात, पण व्यवहार नाही. एक करा. एका वस्तीतले आवळे काही वर्षं बंद ठेवा. थोडी साल चालू द्या. थोड्या गाठी आल्या की पदाची गरज आपोआप सिद्ध होईल. मग कायम करून घेऊ."

"आणि त्या वस्तीतली पोरं?"

"त्यांची नावं अहवालात घालू. आदराने."

साळूताईंचे काटे उभे राहिले. पद त्यांना हवे होते. मुदतवाढ मिळाली तरच आवळे चालणार होते, हेही त्यांना माहीत होते. पण वस्ती कोणती निवडायची, या विचाराशी त्या अडल्या आणि 'नाही' म्हणाल्या.

पावसाळा आला. पद संपले. साळूताई स्वतःच्या बिळापुढे जमतील तेवढे आवळे वाळवत राहिल्या. ते डोंगराच्या पायथ्यापर्यंतही पुरत नसत. दरबारातला सालीचा मान बघून पूर्वेची पोरे पुन्हा साल चावू लागली. त्यांचे बघून बापूंनीही एक तुकडा गालात ठेवला. मग रोजचाच ठेवला.

बऱ्याच वर्षांनी बापू साळूताईंच्या बिळाशी आले. गाल सुजला होता. शब्द नीट फुटत नव्हते. बायको बरोबर होती.

"दाखला दे," बापू म्हणाले. "सही करतो. तू होतीस तोवर मला काही झालं नव्हतं. पोरांचे आवळे सुरू कर."

साळूताईंनी त्यांना आधी सुतारपक्ष्याकडे पोचवले आणि मग दाखला घेऊन दरबार गाठला. तरसरावांनी सही पाहिली, शिक्का पाहिला आणि मान हलवली.

"हा चालणार नाही. दाखला रोग न झालेल्याचा हवा. यांना झालेला आहे."

बापूंची गाठ मोठी निघाली. सुतारपक्ष्याने पुष्कळ प्रयत्न केले. त्यांच्या घरून हार आला नाही. गाठी फार वाढल्यामुळे महाराजांनी सुतारपक्ष्यासाठी नवे, उंच झाड मंजूर केले. उद्घाटनाला सर्वांना मानाची साल वाटण्यात आली.

साळूताईंनी निरोगी वानराचा दाखला मिळवून देण्यास मुदत मागितली आहे. सदर अर्ज विचाराधीन आहे.

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी कोणाचा जीव वाचवावासा वाटलाच, तर घाई करू नये. आधी त्याला नीट बुडू द्यावे, काठावर चार साक्षीदार जमू द्यावेत, मगच उडी घ्यावी. पाण्याला कुंपण घालणाऱ्याला, इथे कोण बुडाले होते, असे विचारतात आणि कुंपणाची लाकडे परत मागतात.