शेवटचं प्रकरण तांदळाच्या डब्यात

आमच्या चौबळकाकांकडून आणलेल्या पुस्तकात खून होतो, पोलीस गोंधळतात, गुप्तहेर येतो, घरातल्या सगळ्यांची उलटतपासणी होते आणि नेमका खुनी कळायच्या वेळी पुस्तक संपतं. पुढे नुसता पुठ्ठा. शेवटचं प्रकरण काकांनी ब्लेडने कापून काढलेलं असतं. ते हवं असेल तर तिसऱ्या मजल्यावर जायचं, बेल वाजवायची आणि खुनी कोण ते सांगायचं.

नियम साधा आहे. उत्तर बरोबर असेल तर काका खाकी कागदात गुंडाळलेली पानं दारातच तुमच्या हातात ठेवतात, "शाब्बास" म्हणतात आणि दार लावून घेतात. उत्तर चुकलं तर म्हणतात, "आत या. बसा. मुळापासून बघू." मग चहा, मग पुरावे, मग पुन्हा चहा.

आमच्या बिल्डिंगमधल्या हुशार माणसांनी काकांचं घर फक्त दारातून पाहिलंय. मला ते आतून पाठ आहे. सोफ्याची कुठली बाजू खचलीय, पंखा कितीवर ठेवला की करकरतो, साखरेचा डबा कुठे असतो, सगळं. कारण इतक्या वर्षांत माझं एकही उत्तर बरोबर आलेलं नाही. सुरुवातीला मी आपला दारात उभा राहून रुबाबात उत्तर द्यायचो. पुढे पुढे बेल वाजवायच्या आधीच चप्पल काढून ठेवायला लागलो. स्वतःच्या बुद्धीबद्दल एवढी खात्री फार कमी लोकांना असते.

माझा संशय नेहमी माळ्यावर जातो. का, ते मला विचारू नका. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळतो, तिथेही नटबोल्ट कमी पडले की मी आधी खिडकीबाहेरच्या झाडांकडे बघतो. एकदा मी छातीठोकपणे सांगितलं, "काका, माळी." काकांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "जाधव, या पुस्तकात माळी नाही. बोट आहे. सगळी गोष्ट समुद्रात घडते."

काका मूळचे केमिस्ट. अंबरनाथलाच एका रसायनांच्या कंपनीत लॅब सांभाळून रिटायर झाले आणि बदलापुरात आमच्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये स्थायिक झाले. अंगकाठी किडकिडीत, शर्ट कायम अर्ध्या बाह्यांचा, खिशात भिंग. ते भिंग खरं तर गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला असतं, पण काढताना ते असं काढतात की समोरचा माणूस उगाच हात मागे लपवतो. "संशय सगळ्यांवर, राग कुणावर नाही," हे त्यांचं ब्रीद.

त्या ब्रीदाचा अनुभव आमच्या हिने घेतलाय. ही म्हणजे सुनंदा, माझी बायको. एका दिवाळीला तिने मोठ्या हौसेने बदामाचा शिरा करून माझ्याबरोबर वर पाठवला. काकांनी वाटी नाकाशी नेली आणि म्हणाले, "कडू बदामाचा वास येतोय. सायनाइडचा असाच असतो. आधी तुम्ही खा." मी खाल्ला. काका माझ्या चेहऱ्याकडे बघत बसले. बराच वेळ मी जिवंत राहिलो तेव्हा त्यांनी चमचा उचलला. सुनंदाच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की पुढच्या वर्षी तिने वर नुसता चिवडा पाठवला.

पण माणूस न्यायी. एका वर्षी ऐन मे महिन्यात, नळाला पाणी नसायच्या दिवशी, आमची गच्चीवरची टाकी रातोरात रिकामी झाली. बारवी धरणाचं पाणी जपून वापरा म्हणून सेक्रेटरींनी आदल्याच दिवशी बोर्डावर लिहिलेलं. काकांनी ग्रुपवर मेसेज टाकला, "सर्व संशयितांनी संध्याकाळी पार्किंगमध्ये जमावे." लोक चिडचिड करत जमले, पण जमले. काका पाठीमागे हात बांधून फेऱ्या घालू लागले. दोनदा आंघोळ करणारे देशपांडे, रोज गाडी धुणारा मी, रात्री वॉशिंग मशीन लावणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या मॅडम, एकेकाला समोर घेऊन त्यांनी एकेकाला निर्दोष सोडलं. माझा संशय अर्थातच माळ्यावर होता. आमच्या सोसायटीला माळी नाही, गेटपाशी चार कुंड्या आहेत.

शेवटी काका थांबले. "आरोपी तिसऱ्या मजल्यावर राहतो," ते म्हणाले. "एकटा राहतो. आणि पुस्तकात डोकं घातलं की त्याला बाथरूमचा नळ ऐकू येत नाही. आरोपी मी आहे." असं म्हणून त्यांनी दोन्ही मनगटं पुढे केली. सेक्रेटरींना काय करावं सुचेना. त्यांनी त्या हातांत बिसलेरीची बाटली ठेवली आणि मीटिंग संपली असं जाहीर केलं.

काकांची पुस्तकं येतात उल्हासनगरहून, रद्दीच्या एका दुकानातून. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. काकांनी गठ्ठ्यातून एक पुस्तक निवडलं, खिशातून ब्लेड काढलं आणि तिथेच गल्ल्याशेजारी शेवट कापला. दुकानदार सिंधी, डोक्याला हात लावून मला म्हणाला, "साईं, बाकी लोग देखते हैं आखिरी पन्ना है कि नहीं. ये चाचा पूरी किताब लेके खुद ही फाड़ता है." मी हसलो आणि काकांकडे बघून म्हणालो, खरंच, हे खूळ आलं कुठून? परतीच्या रिक्षात काकांनी ते सांगितलं.

खूळ काकूंसाठी सुरू झालं होतं. मी इथे राहायला आलो तेव्हा काकू नव्हत्या, मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. त्यांना रहस्यकथा जीव की प्राण, पण खोड अशी की पुस्तक हातात पडलं की आधी शेवटचं पान वाचायचं. "खुनी कोण ते कळल्याशिवाय मला टेन्शन सोसवत नाही, असं म्हणायची," काका सांगत होते. "आणि मग मी वाचत असताना शेजारी बसून गालातल्या गालात हसायची. मला वेड लागायची पाळी." म्हणून त्यांनी शेवट कापून लपवायला सुरुवात केली. काकू शोधायच्या. गादीखाली, माळ्यावर, देवघरात. शेवटी तांदळाच्या डब्यात सापडायचा. "दर वेळी तांदळाच्याच डब्यात लपवायचो. तिला ते माहीत होतं. तरी आधी बाकीचं घर शोधायची." एवढं बोलून काका रिक्षावाल्याला डावीकडे घे म्हणाले.

हे सगळं सुखाने चाललेलं असताना या पावसाळ्यात काकांच्या घरी गॅस चालू राहिला. दूध उतू गेलं, शेगडी विझली, काका बाहेरच्या खोलीत कुणा जमीनदाराच्या मृत्यूचा विचार करत बसलेले. वास आला म्हणून समोरच्या बाईंनी दार वाजवलं आणि निभावलं. पण बातमी पुण्याला गेली. दोन दिवसांत काकांची मुलगी मंजिरी येऊन थडकली.

मंजिरी चांगली मुलगी आहे. आयटीत नोकरी, घरी सासू-सासरे, त्यातून सुट्टी काढून आलेली. जिन्यात सुनंदाला भेटली तेव्हा तिचे डोळे भरून आले. "काकू, बाबांना मी पुण्याला नेतेय. फ्लॅट बंद करणार. ते म्हणतात इथे माझ्याकडे लोक येतात. मी आठवडाभर आहे इथे, दूधवाल्याशिवाय कुणी बेल वाजवली नाही. उद्या काही झालं तर कळणार कुणाला?"

सुनंदाने हे मला सांगितलं तेव्हा मी वरमलो. पाहुणी आलीय, उगाच कशाला मध्ये मध्ये करा, म्हणून मीच त्या आठवड्यात वर गेलो नव्हतो. शिवाय माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी दिलेलं हिरव्या जिल्दीचं पुस्तक तसंच पडून होतं. बंगल्यातला श्रीमंत म्हातारा सकाळी दार उघडत नाही. आतून कडी. पुतण्या, सून, स्वयंपाकीण, डॉक्टर आणि माळी मिळून दार फोडतात, तर म्हातारा मेलेला. आतून कडी असताना खुनी गेला कुठे? मी माळ्याला खिडकीतून आत-बाहेर करून थकलो होतो.

मेथी निवडता निवडता सुनंदा म्हणाली, "आत आधी कोण गेलं?"

"डॉक्टर. त्याने नाडी बघितली आणि सांगितलं की गेले."

"मग डॉक्टरच. तोवर म्हातारा नुसता झोपेचं औषध घेऊन पडला असेल. मेला असं सांगितलं आणि मग मारला. एवढं काय त्यात?" आणि तिने मेथीची काडी माझ्याकडे टाकली.

मी थक्क झालो. सगळं जुळत होतं. आता खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात काकांच्या जाण्याचं दुःख नव्हतं. माझ्या मनात एवढंच आलं, की काका जायच्या आत एकदा तरी, निदान एकदा, त्यांच्या तोंडून शाब्बास ऐकायचं. उत्तर बायकोचं होतं, पण नवरा-बायकोत काय ते माझं-तुझं.

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि वर गेलो. चप्पल पायातच ठेवली. बरोबर उत्तर देणाऱ्याला आत जायचं नसतं. फुल कॉन्फिडन्समध्ये बेल वाजवली.

दार काकांनी उघडलं. त्यांच्या मागे खोली दिसत होती. मंजिरी जमिनीवर बसून स्टीलची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. पुस्तकांचं कपाट रिकामं होतं आणि पुस्तकं खोक्यांत गेली होती. भिंतीवर काकूंच्या फोटोच्या जागी पांढरा चौकोन उरला होता. काकांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. लगेच मागे वळून, मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "बोला जाधव. खुनी कोण?"

डॉक्टर हा शब्द माझ्या जिभेवर होता. तो उच्चारला की खाकी पुडकं माझ्या हातात, शाब्बास, आणि दार बंद. आतल्या मुलीला काय दिसणार? आलं कुणीतरी, दारातून गेलं. हा माणूस गेला तर मला आत या, बसा, असं जगात कोण म्हणणार होतं? कारखान्यात मला लोक बाहेरच उभं करतात.

"माळी," मी म्हणालो.

काकांनी विचारलं, "माळी?"

"माळीच. शंभर टक्के. खिडकीतून."

"खिडकीला गज आहेत, जाधव."

"मग कापले असतील. माळ्याकडे कात्री असते."

मंजिरी भांडी सोडून बघायला लागली. काकांनी सुस्कारा टाकला. "आत या. बसा. मुळापासून बघू." मी चप्पल काढून आत गेलो आणि सोफ्याच्या खचलेल्या बाजूला बसलो. काकांनी मुलीला सांगितलं, "हे जाधव. पहिल्या मजल्यावर राहतात. दर रविवारी येतात. इतकी वर्षं झाली, यांना एक खुनी सापडलेला नाही. आता तूच सांग, या माणसाला असा अर्धवट टाकून मी पुण्याला कसा येऊ?"

मंजिरीने मला विचारलं, "काका, तुम्ही खरंच दर रविवारी येता?"

"येतो की," मी म्हणालो. "घरात साखरेचा डबा कुठे आहे तेही सांगतो. वरच्या फळीवर, पोह्यांच्या मागे." तिने जाऊन बघितलं. डबा तिथेच होता. मग ती बराच वेळ ओट्यापाशी आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

गोष्टी काही लगेच सुटल्या नाहीत. बाप-लेकीत वाद झाला, थोडा माझ्यासमोरच. गॅस काढून इंडक्शनची शेगडी आणायची, एक किल्ली आमच्याकडे ठेवायची, सकाळ-संध्याकाळ सुनंदाने आवाज द्यायचा आणि दिवाळीपर्यंत बघायचं, यावर मंजिरी नाइलाजाने तयार झाली. मग डोळे पुसत ती फोनवर नवऱ्याला सांगायला गॅलरीत गेली.

काकांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि हळूच म्हणाले, "बेल वाजवलीत तेव्हा चप्पल पायात होती तुमच्या."

मी कपात बघायला लागलो.

"माळी म्हणालात आणि नंतर काढलीत. म्हणजे बरोबर उत्तर घेऊन आला होतात. सुनंदाबाईंचं असणार. तुमचं नाही."

"काका, संशय घेताय?"

"सगळ्यांवर घेतो. राग नाही हो. राग कसला."

ते उठले, आतून तांदळाचा डबा घेऊन आले आणि त्यातून खाकी पुडकं काढलं. त्याला तांदळाचे दाणे चिकटले होते, ते त्यांनी बोटाने झटकले. मी हात पुढे केला. काकांनी पुडकं परत डब्यात खोल खुपसलं आणि झाकण लावलं.

"पुढच्या रविवारी सांगा," ते म्हणाले. "नीट विचार करून. घाई नाही."

त्या पुस्तकाचा शेवट मी अजून वाचलेला नाही. दर रविवारी वर जातो, चप्पल बाहेर काढतो आणि मग बेल वाजवतो.