युसूफभाईंची मापं

युसूफभाई प्रिंट काढण्याआधी गिऱ्हाइकाला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळत. नवखा माणूस गांगरून शर्टाची बटणं तपासायचा. भाईंचे वडील शिंपी होते. मुलगा कात्री सोडून कॉम्प्युटरवर बसला, पण नजर शिंप्याचीच राहिली.

चंद्रपुरात त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं आणि मी तिथे प्रूफं वाचायची. तेव्हा मी पंचेचाळिशीची. आपण पस्तिशीच्या दिसतो असा माझा ठाम समज होता, कारण चष्म्याशिवाय आरसा नीट दिसत नव्हता. चष्मा लावायचा तर समज जाणार. शिवाय प्रूफं वाचणाऱ्या बाईचेच डोळे गेले म्हणून नोकरीही जाईल, ही धास्ती.

प्रिंटरमध्ये कागदाचं माप, समास, अक्षराचा गडदपणा असं जमवून एखाद्या नावाने साठवून ठेवता येतं. भाई माणसांची नावं देत. ‘वकीलसाहेब’ म्हणजे डावीकडे रुंद समास, कारण ते भोकं पाडून फाइल करत. ‘गुरुजी’ म्हणजे फिकट अक्षर, कारण गुरुजींना वरून लाल शाईने दुरुस्त्या करायची हौस. ‘चामोर्शीवाले’ म्हणजे पत्रिकेचे चारही कोपरे मोकळे, हळदीची बोटं लावायला.

“ज्याचं माप त्याले, बाई,” हे त्यांचं पालुपद.

ऐन लग्नसराईत जुन्या प्रिंटरने मान टाकली. नवा आला, पण जुन्या सेटिंग त्याच्यात आपोआप येईनात. कॉम्प्युटरात जुन्या प्रिंटरच्या खिडकीत त्या अजून दिसत होत्या. भाई एकेक वाचत, मी रद्दी पत्रिकेच्या पाठीवर टिपून घेई, मग मी सांगायची आणि ते नव्या प्रिंटरमध्ये भरायचे. एवढ्या कशाला, तीनचार पुरेत, असं मी म्हटलं तर दुखावले.

“काऊन? बाकीच्यायनं काय उघडं फिराव?”

चामोर्शीचे एक गृहस्थ मुलीच्या पत्रिकेसाठी सकाळपासून बाकावर बसून होते. संध्याकाळच्या बसने त्यांना पत्रिका न्यायच्या होत्या. नव्या प्रिंटरचं पहिलं प्रूफ माझ्या हातात आलं आणि पाहते तो काय, कागदावर नुसत्या मुंग्या. मी लगेच निकाल दिला, की मशीनच खराब आहे, शाई फिकी, अक्षर बारीक, आल्या पावली परत पाठवा.

गृहस्थ माझ्या खांद्यावरून डोकावले. “मले तर साजरं दिसून राह्यलं बाई. पोरीचं नाव तेवढं नीट पाहा, मागं मोठीच्या पत्रिकेत चुकलं होतं.”

मी प्रूफ डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं.

भाईंनी प्रूफ माझ्या हातातून अलगद काढून घेतलं. “बाई खरं सांगून राह्यल्या. मशीनमधीच गडबड हाय. थांबा जरा.”

मशीनला आणखी चार शब्द सुनावावेत म्हणून मी त्यांच्या मागोमाग गेले आणि पडद्याला नाक लावलं. जुन्या प्रिंटरच्या खिडकीत एक नाव होतं, भाईंनी मला न वाचून दाखवलेलं. ‘कुसुमबाई’, म्हणजे मीच. अक्षर दीडपट, शाई सगळ्यात गडद. म्हणजे इतकी वर्षं माझी तीक्ष्ण नजर त्या जुन्या प्रिंटरच्या डब्यात होती तर.

“हे राहिलं का भरायचं?” मी विचारलं.

“तुम्ही बाजूलेच बसून होत्या,” ते कळफलकाकडे बघत पुटपुटले. “कसं वाचू?”

दुसरं प्रूफ टपोरं आलं. नवरीच्या नावातली चूक मी पकडली, गृहस्थांना बसही मिळाली.

पुढच्या आठवड्यात मी चष्मा करून आणला. भाईंना म्हटलं, आता माझं नाव पुसा.

“राहू द्या बाई. शिवलेला कपडा कोणी उसवते काय?”

मग मीही दुकानात चष्मा पिशवीतच ठेवू लागले. इतका मापात शिवलेला कपडा, घालायला नको?