धनराजभाऊंची साधी राहणी आणि रीताबाईंची ताटं

"या घरात माणसं कमी अन् सामान जास्त झालं! या दिवाळीत मी सगळं सोपं करून टाकतो. बघच तू!"

धनराजभाऊंनी ही घोषणा केली तेव्हा रीताबाई चकलीचं पीठ मळत होत्या, आणि त्यांनी तिकडे अजिबात लक्ष दिलं नाही. इथंच चुकलं! पण बाईंचाही काय दोष? नवरा वडस्याच्या भातगिरणीत मुनीम. दिवसभर पोती मोजून आला की घरी त्याला काहीतरी थोर सुचायचंच. गेल्या वर्षी मधमाश्या पाळल्या, तेव्हा अर्ध्या गावाची तोंडं सुजली होती. त्याच्या आदल्या वर्षी न्हाणीघरात अळिंब्या लावल्या, तर महिनाभर अंघोळ अंगणात! मग साधेपणाला कोण घाबरणार? साधेपणा चावत तर नाही, असं बाईंना वाटलं.

मूळ कारण मोबाइल. त्यावर कोणीतरी पांढरा सदरा घातलेला माणूस गोड हसत सांगत होता की आयुष्य बदलायचं असेल तर ही पुस्तकं वाचाच. धनराजभाऊंना एखादं निवडता येईना, म्हणून त्यांनी सगळीच मागवली. खोकं असं आलं की ऑटोवाल्याला उतरवायला दोन माणसं लागली. कमीत कमी वस्तूंत कसं जगावं हे शिकवायला एवढाली पुस्तकं! ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून रीताबाईंच्या साड्या पेटीत गेल्या आणि कपाटात साधेपणा येऊन बसला. त्यातलं सगळ्यात जाडजूड, पुठ्ठ्याच्या बांधणीचं होतं 'साधेपणाचा महामार्ग'. ते भाऊ उशाशी घेऊन झोपत.

मग सुरू झालं सजगपणे जगणं. म्हणजे काय? तर जेवताना घास हातात धरायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचं. घासाला तोंड असतं तर तोच म्हणाला असता, "बाप्पा, खा ना एकदाचं!" एक वाटी विसळायला घेतली की पूर्ण मन वाटीत. इकडे नळ जायचा, बाकीची भांडी तशीच पडून.

"अवो, घासा ना लवकर!"

"मी घासून नाई राह्यलो, रीता. मी या क्षणात आहे."

"अन् मी काय मागच्या सोमवारी आहे?"

पण हे सगळं बाईंनी सोसलं, कारण यंदा त्यांचं सगळं चित्त एकाच गोष्टीत अडकलं होतं. त्यांचा दादा येणार होता!

हा दादा म्हणजे चिमूरकडचे लटारू. मोठे शेतकरी आणि त्याहून मोठे रुसणारे. सात वर्षांपूर्वी मंडईला आले होते. आता झाडीपट्टीत भाऊबीज आली की मंडयांचा हंगाम सुरू होतो, हे तुम्हाला माहीतच असेल. दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. बोलावलेले, न बोलावलेले, आणि पाहुण्यांच्या पाहुण्यांचे पाहुणे! त्या गर्दीत दादांची गादी कोणीतरी उचलली आणि दादांना धानाच्या पोत्यांवर निजावं लागलं. पहाट व्हायच्या आत ते ओवाळून न घेताच निघून गेले. "बहिणीच्या घरी मले पोत्यावर निजवलं!" एवढंच वाक्य त्यांनी सात वर्षं चिमूर तालुक्यात फिरवलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला रीताबाई चंद्राला ओवाळायच्या आणि आत जाऊन डोळे पुसायच्या.

यंदा फोन करकरून त्यांनी दादाला वळवलं. दादा म्हणाले, "येतो. पण मुक्कामाचं सांगत नाई. तुमची व्यवस्था बघू, मग ठरवू."

व्यवस्था! बाईंनी महिनाभर आधीपासून गाद्यांना ऊन दाखवलं, नव्या खोळी शिवल्या, ताटं चिंचेनं घासून ठेवली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी त्या सामान आणायला वडस्याला गेल्या. बाजारात ही गर्दी! कोंबडीवाल्याशी भांडून, दादासाठी धोतराचं पान घेऊन, ऑटोत अर्ध्या मांडीवर बसून संध्याकाळी घरी आल्या. दारातून हाक मारली, "अवो, पाणी द्या जी थोडं!"

हाक घरात फिरून परत आली. घर घुमत होतं!

मधोमध चटईवर धनराजभाऊ डोळे मिटून बसले होते. मांडणी रिकामी. गाद्यांची चळत गायब. पाट नाही, पाणी भरायचा पितळी गुंड नाही, परात नाही, ओवाळायचं ताटसुद्धा नाही. चुलीजवळ दोन ताटल्या, दोन वाट्या, एक तवा आणि एक पातेलं.

"चोरी झाली!" बाई किंचाळल्या.

भाऊंनी हळूच एक डोळा उघडला. "चोरी नाई. मुक्ती! माणशी एक ताटली, माणशी एक वाटी. बाकी सगळं देऊन टाकलं. सकाळी वाटत बसलो तर पहिले कोणी घेईचना. नथ्थू म्हणे, काही करणी-बिरणी तर नाई ना? मग मंगलीनं हिंमत केली, अन् मग काय! दुपारच्या आत घर कसं हलकं झालं बघ. तुले हलकं नाई वाटून राह्यलं?"

"माह्या डोक्याले वाटून राह्यलं! उद्या मंडई आहे! उद्या दादा येणार आहे! त्याले काय हातावर वाढू?"

"केळीच्या पानावर. किती साधं!"

"अन् निजवू कुठी?"

इथे मात्र धनराजभाऊ या क्षणातून एकदम बाहेर आले. पुस्तकांत पाहुण्यांवर प्रकरणच नव्हतं!

बाई तशाच शेजारी मंगलीकडे धावल्या. मंगलीचे जावई-पाहुणे दुपारीच पोचले होते आणि ओळीनं बसून, रीताबाईंच्या ताटांत, रीताबाईंच्या पाटांवर जेवत होते.

"या ना बाई! ताटं पाहिजे होती का? घेऊन जा जी, तुमचीच आहेत." मंगली अगदी मनापासून म्हणाली. "जावई अर्ध्यात आहेत. उठवू का?"

आता जावयाच्या पुढ्यातलं ताट कोण ओढणार? बाई "नाई नाई, बसू द्या" म्हणत परतल्या. नथ्थूकडे गेल्या, तर बाईंच्या गाद्यांवर, बाईंच्याच वाट्या पुढ्यात घेऊन त्याचे साडू लोळत होते. इतवारीकडे परातीत वड्यांचं पीठ भिजलेलं. पत्रूकडे गुंडात रस्सा उकळत होता. मंडई काही एकाच घरी नसते ना! सगळ्या गावाला पाहुणे, आणि सगळ्या गावाला यंदा भांडी पुरली, एका रीताबाईंचं घर सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात मोटारसायकल थांबली. लटारूदादा! पांढरं धोतर, नवा गमछा, चेहरा सात वर्षांपूर्वी बंद केला होता तसाच बंद. बाईंनी दादाला उंबऱ्याच्या आत येऊच दिलं नाही.

"दादा, घरात सारवून ठेवलं आहे, ओलं आहे! तू असं कर, यांच्यासंगं मंडई पाहून ये!" आणि नवऱ्याच्या कानात दातओठ खात म्हणाल्या, "दुपारपर्यंत फिरवा. कुठीही फिरवा. मी तवर एक तरी ताट अन् एक तरी गादी पैदा करतो. अन् तोंडातून साधेपणाचा शब्द काढला तर बघा!"

आता कुठेही म्हणजे कुठेही! धनराजभाऊंनी मेव्हण्याला सरळ घरोघरी नेलं. मंडईच्या दिवशी ओळखीच्या घरी चहा-फराळाला जायची रीतच आहे, त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

बाई केळीची पानं कापत होत्या, तेवढ्यात मंगली पदर सावरत धावत आली.

"बाई! तुमचे दादा आमच्या घरी बसले आहेत. चिवडा खाऊन झाला, अन् ताट उलटं करून वाचून राह्यले!"

"वाचून?"

"काठावर नाव आहे ना जी! 'चि. सौ. कां. रीता हिस सप्रेम. लटारू, चिमूर.' दुकानातून कोरून आणलेलं!"

रीताबाईंनी हातातली पानं खाली टाकली. आंदण! लग्नात दादानं दिलेलं एकूण एक भांडं नाव घालून दिलं होतं. ताटं, वाट्या, परात, गुंड, झाकण्यासुद्धा! वीस वर्षं रोज घासून घासून ती अक्षरं बाईंच्या डोळ्यांना दिसेनाशी झाली होती. आणि आता दादा घरोघरी बसून स्वतःचंच नाव वाचत होता! पोत्यावर निजवलं तर सात वर्षं. आंदण गावभर वाटलं म्हटल्यावर? हा तर पुढच्या जन्मीही यायचा नाही!

"मग? काही बोलला?"

"नाई जी. नुसते ताटाकडे पाहून राह्यले. भाऊ त्यायले आता इतवारीकडे नेतो म्हणतात."

म्हणजे परात. मग नथ्थूकडे, म्हणजे वाट्या. मग पत्रूकडे, म्हणजे गुंड! बाई उठल्या, दारात गेल्या, परत आल्या, परत दारात गेल्या. नवऱ्याला काय काय म्हणायचं ते सगळं ठरवून झालं. रडूनही झालं. मोटारसायकल दारातच होती, तेवढाच काय तो धीर.

दुपार कलली तेव्हा दादा आले. मागे चार पावलं अंतर ठेवून धनराजभाऊ, मान खाली. पण दादांचं कपाळ! कुंकवावर कुंकू, त्यावर हळद, त्यावर तांदूळ. भुवईपर्यंत लाल! दादा आत आले, रिकामं घर एकदा डोळे भरून पाहिलं आणि चटईवर बसले.

"दादा, मी नाई रे दिलं!" बाईंचा बांध फुटला. "यानं, या माणसानं..."

"थांब." दादांनी हात वर केला. "पहिल्या घरी नाव पाहिलं. डोक्यात गेलं माह्या. म्हटलं, उठतो अन् गाडीले किक मारतो. तेवढ्यात ती मंगली आली. म्हणे, माह्या भाऊ तेलंगणात मिरच्या तोडाले गेला, यंदा आला नाई. ताट तुमचं, घर बहिणीचं समजा. अन् ओवाळलंच तिनं, माह्याच ताटात! आता भाऊबीजेले ओवाळत्या बाईसमोरून उठता येते का?"

"मग?"

"मग इतवारी म्हणे, परात तुमची आमच्या घरी, मग आमी काऊन बहिणी नाई? मग नथ्थूची बायको. मग पत्रूची सून, तिची सासू, सासूची बहीण! ओवाळणी टाकू टाकू खिसा फाटला माह्या. हा गमछा तेवढा राह्यला, तोही त्या सासूबाई पाहून राह्यल्या होत्या!" दादा धापा टाकत थांबले. मग आवाज उतरला. "रीता, सात वर्सं मी एका बहिणीवर रुसून बसलो. आज गावभर बहिणी झाल्या. आता कोणाकोणावर रुसू? मुक्काम करतो मी. घरोघरी गादी टाकून ठेवली म्हणतात माह्यासाठी."

रीताबाई हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाच कळेना. पण लगेच त्यांच्या ध्यानात आलं, गावानं दादाला ओवाळलं आणि सख्खी बहीण राहिली! निरांजन होतं, कुंकू होतं, पण ठेवायचं कशात? दोन ताटल्यांत उष्टं पडलेलं, आणि नळ केव्हाचाच गेलेला. बाईंनी घरभर नजर फिरवली. मग कपाट उघडलं आणि सगळ्यात रुंद, सगळ्यात जाड पुस्तक बाहेर काढलं.

"अगं अगं, 'महामार्ग' आहे तो!" धनराजभाऊ ओरडले.

बाईंनी पुस्तकावर निरांजन ठेवलं, कुंकू ठेवलं, तांदूळ ठेवले आणि दादासमोर बसल्या. ओवाळताना निरांजन कलंडलं, तेल मुखपृष्ठावरच्या हसऱ्या माणसाच्या मिश्यांवरून खाली ओघळलं.

"रीता! माझं पुस्तक!"

"वस्तूच आहे जी. सोडा!"

सात वर्षांत पहिल्यांदा लटारूदादा खदाखदा हसले. हसता हसता त्यांनी खिसे चाचपले. एकात पान होतं, दुसऱ्यात काहीच नव्हतं.

"तुले ओवाळणी उधार. उद्या वडस्याले जाऊ, नवी ताटं घेऊन देतो. पैसे हे तुझे मालक, आमचे भाटवे, देतील, त्यायचा तसाही पैशात जीव नाई. पण या खेपेस नाव नाई टाकत बापा! नावानं फार महाग पडलं."

"टाक!" रीताबाई म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात टाक. पण मजकूर मी सांगतो."

नवी ताटं आली. जुनी ज्याच्या त्याच्या घरी राहिली, कारण दादाच्या नव्या बहिणींकडून आंदण परत मागायचं कसं? पुस्तकं गिरणीत गेली, वजनकाट्याखाली टेकू म्हणून. धनराजभाऊ आताही जेवताना हातातल्या घासाकडे बघत बसतात, पण घास संपला की नजर ताटाच्या काठावर जाते. तिथे ठळक कोरलेलं आहे, 'ताट रीताचे. धनराजने कोणास देऊ नये.' दोन्ही वेळच्या जेवणात ते हे वाचतात, अगदी सजगपणे. सध्या त्यांचं वाचन म्हणाल तर तेवढंच चालू आहे!